रंगाचा रकाना

सकाळी नऊ ते साडेदहा, एवढाच वेळ.
त्याआधी पराग सुटत नाही,
त्यानंतर कुपवाडच्या उन्हात त्याचा जीव राहत नाही.
बापाचं फूल खुडायचं, उलटं धरायचं,
आईच्या पाच लाल मखमली टोकांवर
टेकवायचं, घासायचं नाही.
मग देठाला चिठ्ठी.
चिठ्ठी बांधायला माझ्याकडे तार आहे,
मीटरच्या सीलची, निवृत्तीनंतरही घरात उरलेली.

एकतीस वर्षं विश्रामबागेत मीटर वाचले.
दारात उभं राहायचं, आकडा लिहायचा,
आतल्या माणसांबद्दल मत करून घ्यायचं नाही.
आता मत करून घेणं हेच काम.

जास्वंदीच्या शंभर फुलांमागे अकरा बोंडं धरली.
बी पॉलिश पेपरवर घासलं, रात्रभर भिजवलं,
त्रेसष्ट रोपं उभी राहिली,
आणि चौदा महिने नुसती पानं.
चौदा महिने पाणी घालायचं
कशाला, ते माहीत नसताना.

वहीत रकाने आहेत.
पाकळीवर पाकळी किती चढते.
दळ जाड की पापुद्रा.
मान टाकतं का.
पिठ्या ढेकूण आधी कुणावर बसतो
(तो कधी चुकत नाही, त्याला अशक्त रोप लांबून कळतं).
स्वतःच्या मुळांवर जगेल
की देशी तांबडीच्या खुंटावर कलम करावं लागेल.
शेवटचा रकाना रंगाचा.

चाळीस रोपं पहिल्याच फुलाला उपटली.
हात थरथरत असेल तर पैदास करू नये,
नुसती बाग करावी,
असं दस्तगीर नायकवडी म्हणतो.
मिरजेत त्याचं टायर रिमोल्डिंगचं दुकान.
मला हे सगळं त्यानंच लावलं.
त्याची पिवळी 'हलीमा' माझ्या रोपांची आई.
बायकोचं नाव एका फुलाला द्यायला
त्याला नऊ वर्षं लागली,
त्याआधीची सगळी तिनंच नापास केली होती.

काचबिंदूनं त्याचा डावा डोळा नेला,
मग सावकाश उजवा.
डिसेंबरात मुलाच्या स्कूटरवरून आला,
गच्चीवर चढला,
आणि टायरची नक्षी चाचपावी तसा
अंगठा फिरवत निघाला कुंड्यांवरून.
मी मागून वही घेऊन.
एका ठिकाणी थांबला.
"हे कोण?"
"सत्तावीस. काढायचंय."
"कालचं फूल हाय हे."
मी पाहिलं. खरंच कालचं होतं.
आज उमललं असेल असं धरून
मी दोनदा पुढे गेलो होतो.

"रंग सांग."
"मळकट."
"कुणाचा मळ?"

वहीत याला जागा नव्हती.
खाली बसलो, डोळ्यांशी धरलं.
"हळदीच्या बाजारात," म्हणालो, "संध्याकाळी
हमालाच्या बनियनला येतो, तसला.
आणि गळ्याशी जांभळट,
म्हणजे, टाकीत तळाशी पाणी उरतं ना,
त्यात आभाळ दिसतं, ते."
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग हसला.
"हलीमाचीच मग. पिवळीच,
पण कामाला जाऊन आलेली."

पुढच्या आठवड्यात सत्तावीसच्या तीन कळ्या गळल्या.
लिहून ठेवल्या. तारखेसकट.
फूल म्हणून नापास.
आई म्हणून ठेवणे.
'मळकट' खोडलं नाही,
खालच्या ओळीत बारीक अक्षरात: बनियन.

त्या दिवशी जिना उतरताना
तो पायऱ्या मोजत होता, एकोणीस आहेत,
चौदावीला थांबून म्हणाला,
"आणि बाकीची आठ? लाल खूण केलेली?
तारा लागल्या हाताला."
"उपटतो की आज."
"आज," तो म्हणाला,
आणि पंधरा, सोळा करत खाली गेला.